हरभऱ्याएवढी गाठ

बोलता बोलता नर्सबाई दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवायची. "मावशी, इथं आत हरभऱ्याएवढी गाठ हाय. तिच्यातून रस सुटतो. अंगात अशा लय गाठी हायेत. माणूस हसतो, रडतो, सगळा खेळ त्या रसांचा." बोट स्वतःच्या कपाळावर ठेवून भागलं नाही तर समोरच्याच्या ठेवायची. सरपंचालाही सोडलं नव्हतं.

आमचं गाव वालूरच्या अलीकडे. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे तणाव होता. एसटी कधी यायची, कधी देवगाव फाट्यावरूनच परत फिरायची. अशा दिवसांत ही नर्सबाई बदली होऊन आली आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहिली. अंगानं आडवी, तोंडानं फटकळ. माझं आणि तिचं जमलं ते त्यामुळेच.

एकदा तिनं बायकांना लिंबाखाली बसवून सांगितलं, की हसलं, नाचलं, लेकरू उराशी धरलं की अंगात चांगला रस सुटतो, मन हलकं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे अकरा बायका दंड उघडे करून रांगेत. आनंदाच्या रसाची सुई पाहिजे म्हणे. पाटलाची थोरली सून म्हणाली, मला नको, सासूला द्या, आणि डबल द्या. नर्सबाई टेबल धरून हसली. "अगं, ती सुई सरकारकडं न्हाई. कारखाना तुमच्याच अंगात हाय." बायका हिरमुसून परतल्या. खोटं कशाला बोलू, रांगेत मीही होते.

मग माझी सून बाळंत झाली. पोरगी झाली, चांगली गुटगुटीत. पण ही भिंतीकडे तोंड करून पडायची, रडायची. दूध उतरेना, लेकराकडे बघेना. मी ठरवलं, हे बाहेरचं आहे. चारठाण्याकडे एक देवऋषी होता, तो झाडूनं झोडपून काढायचा. मी गाडी जुंपायला सांगितली.

नर्सबाई दारात आडवी झाली. तिला ओलांडून जाणं बैलालाही जमलं नसतं.

"बाळंतपणानंतर रस एकदम ओसरतात, मावशी. पूर ओसरल्यावर चिखल उरतो, तसं मन होतं. ओल्या बाळंतिणीला मार खायला नेता का? आठ दिवस मला द्या. न्हाई उतरलं तर मी सोता परभणीच्या मोठ्या डॉक्टरकडं नेते."

मी आठ दिवस दिले. तिनं सुनेच्या कानातला कापूस काढला, बाजेखालची शेगडी बाहेर ठेवली, बाज सकाळच्या उन्हात आणली. लेकराला उघड्या अंगानं आईच्या उरावर निजवायची. लेकराला वरचं दूध पाजून झालं की ते मी सांभाळायचं, सुनेनं झोपायचं. आणि मला हुकूम, की तोंड बंद ठेवायचं. हे शेवटचं फार जड गेलं.

सात दिवस गेले. सून जरा जेवायला लागली, बाकी गप्पच. आठव्या सकाळी नर्सबाई अंगणात येऊन म्हणाली, "हिला हसवायचं कसं?"

"सासू मेली की हसंल," मी म्हटलं.

"मरू नका. फुगडी खेळा."

पंचमी होऊन गेलेली, माझे गुडघे गेलेले. पण तिनं हात धरलेच. तुम्ही बघायला पाहिजे होतं. दोन म्हशी गरगर फिराव्यात तशा आम्ही फिरलो. तिसऱ्या फेऱ्यात हात सुटले. ती पांढऱ्या लुगड्यासकट शेणाच्या पाटीत बसली आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यावर. कोंबडा माझ्या डोक्यावरून ओरडत गेला.

बाजेवरून आवाज आला. मला वाटलं, रडायली. बघते तर पोट धरून हसायली होती. हसता हसता तिची चोळी भिजली. पान्हा फुटला होता. तिनं स्वतःच हात पुढं केले. "आत्या, माझं लेकरू द्या."

मी खुराड्यावरून उठले ते लंगडतच, पण आधी लेकरू दिलं.

वर्षाच्या आत नर्सबाईची बदली झाली. फाट्यावर तिला सोडायला आम्ही गेलो. पोरगी एसटीत तिच्या मांडीवर बसली ती उतरेना. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. शेवटी मी खिडकीतून पोरीला ओढून घेतलं. एसटी धूळ उडवत गेली आणि पोरगी तिकडं हात करून भोकाड पसरून रडायला लागली.

मी काही तिला गप्प केलं नाही. म्हटलं, सुटू दे रस.