दोन सेकंदांची जागा

खालच्या मजल्यावरच्या कुसुमकाकूंकडे विरजण मागायला गेले होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो. "आई, मी तुझा मुलगा बोलतोय. कशी आहेस?" आमच्या उमेदवाराचा आवाज घरभर पसरला.

विधानसभेच्या प्रचारासाठी रेकॉर्ड केलेला तो मजकूर माझाच. 'कशी आहेस'नंतर दोन सेकंद थांबायलाही त्याला मीच लावलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं.

त्या दोन सेकंदांत काकू बोलायला लागल्या. "बरी आहे रे. गुडघा तेवढा..." आणि गुडघ्याला तिथेच टाकून उमेदवार रस्त्यांवर, पाण्यावर, निशाणीवर निघून गेला. काकूंनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

"रेकॉर्डिंग असतं, कळतं गं मला," त्या म्हणाल्या. "पण रोज विचारतो तरी."

त्यांचा खरा मुलगा याच गावात राहतो. तो दिवाळीला विचारतो.

वाटी घेऊन जिना चढताना वाटलं, निवडणुकीत आपण लोकांशी बोलतो म्हणजे नेमकं काय करतो? ज्या दारावर वर्षभर कुणी येत नाही ते बरोबर हुडकतो, कडी वाजवतो आणि आतलं माणूस उठून येईपर्यंतही थांबत नाही.

मला भरून आलं. वाटी ओट्यावर ठेवली आणि प्रचार कार्यालयाला फोन लावला.

"ती दोन सेकंदांची जागा चार सेकंदांची करा," मी म्हटलं. "तेवढ्यात गुडघ्याचं सांगून होतं. मत पक्कं होतं."