जंबाशचा मान

केंजेगुल दर रविवारी हमामातून आली की ओले केस टॉवेलात गुंडाळून खिडकीपाशी बसायची. हातात मीठ घातलेल्या दुधाळ चहाची वाटी आणि समोर नवऱ्याची रिकामी खुर्ची. नवरा कामासाठी रशियात गेला तो तिकडचाच झाला. खुर्ची मात्र तिनं हलवली नाही. स्वतःशी बोलायचं तरी तोंड कुठेतरी वळवायला हवंच ना!

"काय गं, या आठवड्यात काय शिकलीस?" ती मोठ्यानं विचारायची. "कुठे चुकलीस? आणि आता पुढे काय?" उत्तरं सापडेपर्यंत उठायचं नाही, हा तिचा नियम. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणायची, "बसली बाई कोर्ट भरवून."

हसेना का बापडी. नारीन नदीवरच्या वीज केंद्रात केंजेगुल फरशी पुसायला लागली होती, आणि या रविवारांच्या जोरावरच कंट्रोल रूमच्या टेबलापर्यंत पोचली. पुसता पुसता कुठला दिवा कशाचा ते विचारून घेतलं, संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा दिल्या, ऑपरेटर झाली. आणि तिथे जी अडकली ती अडकलीच. आता म्हातारे शिफ्टप्रमुख निवृत्त होणार होते. ती जागा तिला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. तिची स्वतःची निवृत्तीही फार लांब नव्हती, म्हणजे ही संधी गेली की संपलं. वर्षभर "पुढे काय?"चं तिचं हेच एक उत्तर होतं, आणि ते त्या खुर्चीखेरीज कुणी ऐकलं नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर ऑफिसात मेंढा कापला. आमच्याकडे ताटात कुठलं हाड पडतं त्यावरून माणसाची पायरी कळते, कुणाला पटो वा न पटो. केंजेगुलला इतकी वर्षं पुढच्या पायाचं मिळायचं. या वेळी केंद्राचे मुख्य एसेनकुल साहेब स्वतः उठले आणि तिच्यापुढे जंबाश ठेवलं. कमरेचं हाड, मोठ्या मानाचं. साहेब तिच्याहून लहान, म्हणून थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तिला एजे म्हणायचे.

"घ्या एजे, हे तुमचं!"

तिचा चेहरा फुलला. ठरलं तर! न सांगता कळलं यांना. शेजारी एरमेक बसला होता, तिच्याच हाताखाली तयार झालेला. आपल्या हाडावरचं मांस कापून तिनं त्याच्या ताटात टाकलं.

"आज एकदम एवढी माया, एजे?"

"खा मुकाट्यानं. उद्यापासून माझी बोलणीच खायचीत."

मग साहेबांनी नव्या शिफ्टप्रमुखाचं नाव जाहीर केलं. एरमेक.

तिनंही टाळ्या वाजवल्या. हात चरबीनं माखलेले, आवाज काही आला नाही.

"आणि आमच्या एजे!" साहेब म्हणाले. "आता केंद्रात सगळ्यांत थोरल्या. दगदग पुरे. बसून मान घ्यायचा, लेकरांना आशीर्वाद द्यायचा!"

म्हणजे हाड वयाचं होतं. तिनं तळहात वर करून एरमेकला आशीर्वाद दिला. उरलेलं मांस सगळे पिशवीत बांधून घरी पोरांसाठी नेत होते. तिनंही बांधलं. घरी पिशवी टेबलावर ठेवली आणि मग आठवलं की आणलं कुणासाठी. फार एकटं वाटलं तिला.

रविवारी ती खुर्चीसमोर बसली. "कुठे चुकलीस?" या प्रश्नावर चहा गार झाला, वर साय धरली. कामात चूक सापडेना. शेवटी तिच्याच तोंडून वेगळा प्रश्न निघाला, "कुणाला सांगितलं होतंस?" मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

सोमवारी ती साहेबांच्या दारात उभी राहिली.

"ती जागा मला हवी होती."

साहेब गडबडले. "अहो एजे, मग बोलायचं ना! आम्हाला वाटलं, आहे त्यात खूश आहात. कधी तोंड उघडलं नाहीत."

"उघडत होते. घरी."

साहेबांनी उगाच कागद इकडचे तिकडे केले. "खिंडीतल्या सबस्टेशनला प्रमुख हवाय," ते चाचरत म्हणाले. "पण तिथे कुणी टिकत नाही. बर्फ पडलं की रस्ता बंद, बोलायला माणूस नाही. लाइनी तुम्ही सांभाळाल हो, पण एकटं राहायला जमलं पाहिजे."

केंजेगुल हसली, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. "त्याचा सराव झालाय, साहेब."

जाताना खुर्ची तिनं शेजारणीला देऊन टाकली. "आता कोर्ट कुठे भरवणार गं?" शेजारणीनं विचारलं, आणि तिचेच डोळे भरून आले.

खिंडीतला पहिला रविवार. बाहेर बर्फ नुसतं कोसळत होतं. केंजेगुलनं केस पुसले, चहा ओतला, नेहमीसारखी बसली. समोर भिंत आणि भिंतीवर वायरलेस. तिनं त्याचं बटण दाबलं.

"खिंडीतून प्रमुख बोलतेय. कुणी ऐकतंय का?"

खरखर झाली. मग खालून एरमेकचा घाबरा आवाज आला, "ऐकतोय एजे, बोला! काय झालं?"

"काही नाही रे," ती म्हणाली. "कुणी ऐकतंय का, एवढंच पाहिलं."