कुजवलेला आंबा

कुजलेल्या लाकडाची मला पहिल्यापासून शिसारी. सुताराच्या घरात वाढलो ना. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रत्येक फळीवर बोटाने ठोकून कान लावतात. आवाज दबका आला की फळी चुलीत.

आणि लातूरच्या एका बाईंना टेबलासाठी नेमकं कुजवलेलं लाकूड हवं होतं! अर्धवट कुजलं की बुरशीमुळे लाकडात काळ्या नागमोडी रेघा उमटतात, त्यांवर बाई भाळल्या होत्या. आमच्या नांदेडच्या दुकानापुढचा आंबा रस्ता रुंद करताना तोडला होता. अण्णांनी स्वतः लावलेला. त्याचे दोन ओंडके मागच्या पडवीत होते, तेच मी मागितले.

"कसली घाण करून राहिला तू," अण्णा म्हणाले. "ने. पर माझं झाड हाय, वाया घालू नको."

मी शब्द दिला.

ओंडके ओल्या पोत्यांत गुंडाळले. दर आठवड्याला उघडून पाहायचं आणि वेळेत काढून वाळवायचं, नाहीतर लाकूड भुसभुशीत होतं. पहिल्याच आठवड्यात पोतं उचललं तर खाली पांढरा बुळबुळीत थर, त्यात वळवळणारे किडे, आणि आंबलेल्या पिठासारखा भपकारा. मी बाहेर येऊन ओकलो. त्यानंतर पोत्याला हात लावला नाही. बाईंना मात्र फोनवर "छान होतंय" म्हणत राहिलो.

अडीच महिन्यांनी बाईंनी फोटो मागितला. नाकाला रुमाल बांधून पोती ओढली. एकच ओंडका होता, आणि दाबलेलं बोट थेट आत गेलं, चहात बुडवलेल्या पावात जावं तसं. बोटाला काळपट चिकटा लागला. तीनदा साबणाने धुतला तरी वास जाईना.

दुसरा ओंडका पत्र्याखाली विटांवर वाळत होता. कापलेल्या तोंडावर काळ्या रेघा, बाईंना हव्या होत्या तशाच, देखण्या.

"रोज पोतं उचलून ठोकून बघत होतो," अण्णा म्हणाले. त्यांच्या नखांत अजून ती घाण होती. "आवाज दबाय लागला तसा ह्यो लोटत आणला. त्यो लई जड. एकट्यानं हालंना."

"मग मला बोलवायचं ना, अण्णा!"

"दोनदा हाक मारली. तू दारातूनच नाक धरून म्हणला, उद्या बघू."

म्हणालो होतो. दोन्ही वेळा. त्या चिकट्याची आली नव्हती एवढी किळस मला तेव्हा स्वतःची आली.