केराबाईची जीभ

केराबाईच्या उजव्या हाताचं एक बोट बाकीच्यांपेक्षा काळं होतं. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं हिंडायच्या वयात दाढ दुखली, म्हणून आईनं तव्यावर तंबाखू भाजली, चुरली आणि त्याच बोटाला लावून दिली. दाढ कधीच पडून गेली, मिशरी राहिली. सकाळी पोट साफ व्हावं म्हणून, दुपारी भाकरीवर, संध्याकाळी अंग मोडून आलं म्हणून. डबी कायम कनवटीला.

शुक्रवार पेठेत पूनमच्या शेंगा चटणीच्या कारखान्यात ती नऊ वर्षं डंकावर चटणी कुटायला होती. दाण्याला तेल सुटून चटणी गोळा कधी धरते, हे तिला डंकाच्या नुसत्या आवाजावरून कळायचं. म्हणूनच होटगीला दुसरी खोली सुरू करायचं ठरलं, तेव्हा पूनमच्या मनात मुकादम म्हणून तिचंच नाव आलं. तिनं चव बघून हो म्हटल्याशिवाय पाकीट बंद व्हायचं नाही, असं ते काम. केराबाईला जन्मात कुणी ‘तुम्ही सांगाल तसं’ म्हटलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात अकलूजच्या दुकानदारानं चार खोकी परत पाठवली. चिठ्ठीवर एकच शब्द, ‘खारट’. त्या खोक्यांतला घाणा केराबाईच्या हातचा. चाखून बघताना अळणी लागला, म्हणून तिनंच वरून मूठभर मीठ टाकलं होतं.

“काय अव्वा, समुद्र ओतलात की!” शेजारच्या डंकावरची दाक्षायणी म्हणाली.

पूनमनं केराबाईला आत बोलावलं. “काकू, राग मानू नका. मिशरीनं जीभ बधिर झालीय तुमची. महिनाभर सोडून बघा. मग मी तीन वाट्या ठेवीन. चवीतला फरक सांगितलात, तर होटगीची किल्ली तुमची.”

“आन् न्हाय सांगता आला तर?”

“मग दाक्षायणी.”

घरी जाऊन केराबाईनं डबी राखेनं घासली आणि तीत बडीशेप भरली.

पहिले चार दिवस डोक्यातच डंक चालू होता. पोट गच्च. भांडी आदळत होती. नवरा धनाजी कंटाळून म्हणाला, “घास बाई तू आपली. भाकरी थापतीस का मारामारी करतीस?”

“गप जेवा. न्हायतर उपाशी झोपा.”

बोट आपलं आपणच डबीत जायचं आणि बडीशेपेला लागून परत यायचं. दोन आठवडे असेच गेले. एका दुपारी तिनं आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. “अवो, ह्यात लई मीठ पडलंय की!”

धनाजीनं ताटातून मानही वर केली नाही. “तीस वर्षं हेच खातोय मी.”

ती उठली आणि आमटीत तांब्याभर पाणी ओतलं.

महिना भरत आला. परीक्षा सोमवारी होती. आदल्या दिवशी गावाकडं बहिणीच्या पोराचा साखरपुडा. जेवणं झाल्यावर बायका सावलीला टेकल्या, बहिणीची डबी हातोहात फिरली. हिरड्या चुरचुरायला लागल्या, तेव्हा केराबाईला कळलं की बोट तोंडात आहे. परतताना एसटीत ती खिडकीशी बसून एकच हिशेब करत होती: कारखान्यातल्या कुणीच पाहिलेलं नाही.

सोमवारी टेबलावर तीन वाट्या झाकून ठेवल्या होत्या. केराबाईनं हात धुतले, पुसले आणि तशीच उभी राहिली.

“ताई, आज मी चव बघनार न्हाय. काल घासली.”

दाक्षायणीच्या हातातला डाव थांबला. “अव्वा, सांगितलं नसतं तरी चाललं असतं की.”

“व्हय, चाललं असतं. आन् फुडल्या म्हैन्यात खोकी माघारी आली असती.”

पूनमनं वाट्या उचलल्या. “परत कधी ठेवू?”

“पंधरा दिस द्या. तवर किल्ली कुनालाच देऊ नका.”

त्या पंधरा दिवसांत बहिणीच्या घरून देवकार्याचा निरोप आला, तरी केराबाई गेली नाही. बहीण रुसली. रुसू दे, म्हणाली केराबाई.

पुन्हा वाट्या मांडल्या. पहिलीतली चटणी तिनं जिभेवर घोळवली. “बरुबर.” दुसरी लागताच मान हलवली. “खारट. अकलूजवाल्याची.” तिसरीला वेळ लागला. “मीठ ठीक हाय,” केराबाई म्हणाली, “लसूण शिळा हाय.”

ती वाटी दाक्षायणीच्या घाण्याची. पूनमनं तिच्याकडं पाहिलं.

“परवाचा सोललेला होता,” ती पुटपुटली. “टाकायचा कशाला म्हणून...”

पूनमनं किल्ली पुढं केली. केराबाईनं ती लगेच घेतली नाही. “ही दाक्षायणी माज्यासंगं होटगीला द्या.”

“तिला? ती तर तुम्हाला टोचत असते!”

“म्हनूनच. ही मला सोडायची न्हाय.”

आता होटगीत डंक सुरू व्हायच्या आधी केराबाई दाक्षायणीसमोर काळं बोट धरते. दाक्षायणी नाक जवळ नेऊन, मुद्दाम वेळ लावून हुंगते.

“बडीशेप.”

“मग आन वाटी.”