हुकमाशिवाय बदललेले नियम

माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना मामा म्हणते. औंधजवळच्या आमच्या घरात, माडीवर, मी हौसेनं एक छोटा संगणक सतत चालू ठेवते. एका क्रिप्टो चलनाच्या नोंदी जगभरातल्या अशा असंख्य संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या असतात, त्यांतला हा एक. मामांनी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मग एकदा या संगणकांच्या जाळ्याचे नियम बदलायची चर्चा सुरू झाली. तिची खुली बैठक मी ऐकत बसले होते, तेवढ्यात ते वर आले.

"कोण बोलतंय?"

"प्रोग्राम लिहिणारे. नियम बदलायचेत त्यांना."

"मंग हुकूम कोण देणार?"

"कुणीच नाही, मामा."

ते खुर्ची ओढून बसले. इंग्रजी त्यांना कामापुरतं समजतं. कुणाची हरकत आहे का, असं बैठक चालवणाऱ्यानं विचारलं.  मग एक बाई म्हणाली, चाचणीत वेगवेगळ्या गटांनी लिहिलेल्या प्रोग्रामांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीयेत. बाकीच्यांनी पडताळून पाहिलं आणि झालं, बदल पुढे ढकलला.

"एकटी न्हाई म्हणली आन समदे थांबले?"

"तिचं म्हणणं खरं निघालं म्हणून."

त्यानंतर चहा घेताना ते हटकून विचारायचे, "काय गं, ठरलं का न्हाई अजून?"

यथावकाश चूक दुरुस्त झाली. नवा प्रोग्राम आला. नोंदींच्या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. अमुक क्रमांकाच्या ब्लॉकपासून नवे नियम लागू, असं जाहीर झालं. मी मात्र आधी त्यात काय बदललंय ते वाचत बसले.

"तुला इचारलं का त्यांनी?" मामा म्हणाले.

"प्रोग्राम बसवला की तोच माझा होकार. नाही बसवला तर आपला संगणक जुन्या नियमांनी चालणार, बाकीच्यांपासून वेगळा पडणार."

वाचून पटलं, तेव्हा बसवला. ठरलेल्या दुपारी आम्ही दोघं पडद्यासमोर होतो. आकडा सरकत सरकत त्या ब्लॉकवर आला आणि पुढे गेला. बाकी काहीच घडलं नाही.

"झालं?"

"झालं."

 मामांचं समाधान झालेलं दिसेना.

"मागं राहिलं का कोण?"

मी शोधून दाखवलं. थोडे संगणक अजून जुन्याच नियमांवर होते.

"मुद्दाम राहिल्यात, का इसरल्यात?"

"ते इथून कळत नाही."

"मंग इचार की कुणाला तरी," म्हणत त्यांनी खुर्ची आणखी पुढे घेतली.