चुना मारलेली खडी

भूत, चकवा, मुंजा... या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं काढली आहेत, बाजाराच्या दिवशी स्वतः वाटली आहेत. त्यामुळे हे छापायला देताना मला चांगलंच ओशाळल्यासारखं होतंय. तरी देतो.

देवळाली प्रवराच्या पूर्वेला, कोरडवाहू पट्ट्यात, एक फाट्याची रेल्वे लाइन होती. स्टेशन म्हणजे पत्र्याची शेड, दगडी फलाट, एक कडुनिंब. एसटी आली, गाडीला माणसं कमी झाली आणि वरच्यांनी स्टेशनाला कुलूप ठोकलं. रूळ मात्र तसेच राहिले. आम्ही पोरांनी रान उठवलं. ‘गाडी परत आणल्याशिवाय राहणार नाही!’ — हे वाक्य माझंच.

मग दुष्काळ पडला. स्टेशनाजवळच रस्त्याचं काम निघालं. बाया काळा दगड फोडून खडीचा ढीग लावायच्या. कारकून माप घ्यायचा आणि तोच ढीग दुसऱ्यांदा मापात येऊ नये म्हणून वर चुन्याचं पाणी मारायचा. माप कमी भरलं की मजुरी कापली! बायांच्या हातांची सालपटं निघालेली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, रुळांखाली तयार खडी पडलीय, तिचं काय लोणचं घालायचंय? उचला!

गजराबाई तेवढ्या अडल्या. त्यांचे मालक त्याच लाइनीवर गँगमन होते, रुळांखाली खडी ठोकता ठोकताच गेले.

“दादा, गाडी आनायची म्हनता, आन् तिच्या खालचं अंथरून काढता व्हय?”

“गजराक्का, तिकीट काढून ठिवलंस का काय?” कुणीतरी खिदळलं.

मीही सगळ्यांसमोर म्हणालो, “बाई, असल्या भावनेवर चूल पेटत नाही.” त्याही पाटी उचलून बाकीच्या बायांबरोबर रुळांखालची खडी ढिगावर टाकू लागल्या.

संध्याकाळी माप झालं, चुना मारला. सकाळी पाहतो तर ढीग नाही! शेडपासून नाल्याच्या पुलापर्यंत रुळांखाली तीच पांढरी खडी... नुसती टाकलेली नव्हे, ठोकून बसवलेली. पहारीचं टोक शिरेना. दगडांवरचा चुना खरवडलेलासुद्धा नव्हता. कारकुनाचा तंबू ढिगाला लागून, त्याला चाहूल नाही.

“हिच्याच नवऱ्याची लाइन,” म्हणत त्यानं गजराबाईंना कामावरून काढलं. एकटी बाई एवढा ढीग कसा हलवील? कुणी विचारलं नाही. मीही नाही. चावडीपुढं घसा फोडणारा मी, तिथं खाली बघत उभा राहिलो.

दुपारी राहवेना. कारकुनाला सांगितलं, खडी लाइनीवरची होती, मीच उचलायला लावली. त्यानं मला हाकलून दिलं, गजराबाईंना परत घेतलं. म्हणजे मिटलं म्हणायचं?

निघताना त्यांच्याजवळ गेलो. “गजराबाई, कुणी केलं असेल हे?”

“मला काय ठावं?” त्या पाटी भरतच राहिल्या. “पर खडी बसलीय न्हवं, दादा? आता गाडी कवा आनताय?”

खडी कुणी बसवली, मला आजही सांगता येत नाही. त्यांना काय सांगायचं, तेही नाही. त्या बाजूला मी पुन्हा फिरकलेलो नाही.