विटेवरचं नाव

नव्वद सालच्या सुमारास आखातात, मुसफ्फातल्या आमच्या बांधकामाच्या साइटवर रत्नागिरीकडचा एक गवंडी होता. जेवणाच्या सुट्टीत तो रोमन लोकांवरचं एक फाटकं मराठी पुस्तक वाचायचा आणि कानामागची पेन्सिल नाचवत मला सांगायचा, "साहेब, कमानीवर राजाचं नाव, पण विटेवर भट्टीवाल्याचं!"

एकदा त्याच्या खोलीतला सोबती परांचीवरून पडून वारला. दुसऱ्या दिवशी ओल्या स्लॅबवर ह्याने खिळ्याने त्याचं नाव कोरलं. मी इंजिनीअर, ते पुसायला लावणं माझं काम होतं.

"अरे, यावर फरशी बसणार आहे," मी म्हणालो.

"बसू दे साहेब. खाली राहील ना."

स्लॅब घट्ट झाल्यावर, फरशी बसेपर्यंत महिनाभर मी त्या जागेवर सिमेंटच्या गोणी रचून ठेवल्या.